कुंडाला कमान नको, राखणदार द्या

कोकणातल्या एखाद्या गरम पाण्याच्या कुंडासाठी ‘सुशोभीकरणाला निधी मंजूर’ अशी बातमी वाचली की मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटते. पुढचे सगळे पाठ झालेले आहे. रस्त्यावर कमान उभी राहणार आणि तिच्यावर निधी आणणाऱ्यांची नावे कुंडाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत येणार. आवारात लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसणार, जांभ्याच्या जुन्या भिंतींवर बाथरूमच्या टाइल्स चढणार, कोपऱ्यात सेल्फी पॉइंट होणार. नारळ फुटणार. सहा महिन्यांनी जाऊन पाहावे, तर कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही, नळाला तोटी नाही, पायरीवर शांपूच्या पुड्या चिकटलेल्या, आणि हे निस्तरायला माणूस म्हणून कोणी नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की या कुंडांना नव्या बांधकामाची गरज जवळजवळ नाही. गरज आहे ती रोज सकाळ-संध्याकाळ हजर राहणाऱ्या दोन माणसांची. त्यांचा पगार निघावा म्हणून बाहेरून गाडीने येणाऱ्या प्रत्येकाकडून आंघोळीचे पैसे घ्यावेत, ते गावातच राहावेत, आणि त्यांचे काय केले ते कुंडाच्या भिंतीवर लिहावे. ‘देवाच्या पाण्याचे पैसे?’ असे म्हणून अनेकांच्या भुवया वर जातील. जाऊ देत, त्याकडे पुढे येतो.

आधी हे पाणी कुठे आहे आणि येते कसे ते पाहू. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेर-सातिवलीपासून थेट राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, सुमारे ३५० किलोमीटरच्या अंतरात अठराएक ठिकाणी हे झरे आहेत. तानसा नदीच्या काठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी मुंबईकरांना माहीत असतात. पालीच्या बल्लाळेश्वराला जाणारे वाटेत उन्हेरे करतात. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव आहे, दापोली तालुक्यात उन्हवरे, आणि संगमेश्वर तालुक्यात तर आरवली, तुरळ, राजवाडी अशी एकापाठोपाठ एक रांगच लागते. नकाशावर हे ठिपके जोडले तर किनाऱ्याला समांतर अशी उत्तर-दक्षिण रेघ तयार होते. खाली जमिनीत भेगाही तशाच धावतात.

इथे ज्वालामुखी धुमसतो आहे असे गाइड लोक मोठ्या हौसेने सांगतात. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो केव्हाच गार झाला. पाणी तापते ते खोलीमुळे. जितके खाली जावे तितका खडक गरम, हा पृथ्वीचा साधा नियम. कोकणात धो धो पडणाऱ्या पावसातले थोडे पाणी भेगांतून खूप खोलवर मुरते, तापते, आणि दुसऱ्या भेगेने दाबाखाली वर येते. वरपर्यंत पोचायला त्याला किती वेळ लागतो आणि वाटेत किती गार पाणी त्यात मिसळते यावर प्रत्येक झऱ्याचा स्वभाव ठरतो. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते, तुरळचे साठीच्या घरात, तर शेजारच्याच आरवलीचे चाळिशीच्या आगेमागे.

हे शास्त्र सांगायचे कारण असे की सुशोभीकरणाचा घाव नेमका भेगेवर बसतो. जुन्या कुंडाच्या काठावर दहा मिनिटे शांत बसून तळाकडे पाहिले तर दिसते: दोन दगडांच्या फटीतून बुडबुड्यांची माळ सुटते, क्षणभर थांबते, पुन्हा सुटते. हातभर अंतरावर दुसरी. कधी तळातली बारीक वाळू नाचताना दिसते. जुन्या लोकांनी तळ तसाच उघडा ठेवला, सभोवती दगड रचले, आणि जास्तीचे पाणी वाहून जायला एका बाजूला मोरी ठेवली. म्हणजे कुंड सतत भरते आणि सतत रिकामे होते. यात साफसफाईची अर्धी व्यवस्था आपोआपच झाली. ठेकेदार येतो तेव्हा त्याच्या अंदाजपत्रकात ‘तळाचे काँक्रीटीकरण’ असते. काँक्रीट पडले की दाबाखालचे पाणी दुसरी वाट शोधते. मग कुंडाबाहेर, गटारात, नदीच्या वाळूत कढत पाणी फुटते, आणि कुंडात ते पोचवायला पंप बसवावा लागतो. पंप आला की वीजबिल आले, बिल थकले की पंप बंद, आणि पंप बंद झाला की सुशोभित कुंडात हिरवे पाणी. इतक्या वर्षांच्या झऱ्याला आपण महावितरणच्या दारात उभे करतो.

झरे कायमचे असतात या भरवशावर राहू नये. केदारनाथच्या वाटेवरच्या गौरीकुंडातले तप्तकुंड २०१३च्या पुरात गाडले गेले. हिमाचलात सतलजच्या काठी तत्तापानी नावाचे गावच गरम झऱ्यांवर वसलेले होते; कोलडॅमचे पाणी चढले आणि मूळचे झरे बुडाले. आपल्याकडे एवढे मोठे काही घडायची गरज नाही. शेजारी कोणी खोल बोअर मारून तीच भेग गाठली तरी पुरे. मुंबईच्या जवळच्या पट्ट्यात ‘नैसर्गिक गरम पाण्याचा स्विमिंग पूल’ अशी पाटी लावायची हौस कोणाला नसेल? सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत विहीर किंवा बोअर घेण्यावर आपल्या भूजल कायद्याने बंधन घातले आहे. गरम झऱ्याला तेच कवच द्यायला काय हरकत आहे? यात सरकारचा एक पैसाही खर्च होणार नाही. कदाचित म्हणूनच कोणाला ते सुचत नसेल.

आता पाण्यातल्या माणसांकडे वळू. कोकणातल्या एका कुंडावर (गाव मुद्दाम सांगत नाही, कारण हे कुठल्याही कुंडाला लागू पडेल) जानेवारीतल्या एका रविवारी मी सकाळपासून दुपारपर्यंत बसलो होतो. सहाच्या सुमारास गावातली माणसे आली. एक आजोबा पायरीवर बसून गुडघ्यावर तांब्यातांब्याने पाणी सोडत होते. ‘खाली उतरलास तर आधी बाहेरच्या नळावर पाय धू रे,’ असे त्यांनी एका पोराला दरडावले. दोन बायका मोरीच्या तोंडाशी, म्हणजे पाणी कुंडातून बाहेर पडते तिथे, कपडे आपटत होत्या. साबण कुंडात जाणार नाही एवढी काळजी त्या जागेच्या निवडीतच होती. नऊनंतर गाड्या सुरू झाल्या. मग कुंडात साबण आला, शांपू आला, डोक्याला तेल लावून आलेली मंडळी आली, बर्म्युडा आणि जीन्ससकट उतरलेली पोरे आली. कोणीतरी कडेवर अंडी उकडायचा प्रयोग केला आणि टरफले तिथेच टाकली. दुपारपर्यंत पाण्यावर तेलकट साय धरली होती. यात कोणी वाईट माणूस नव्हता. आधी अंग धुऊन मग उतरायचे, हे सांगणारेच कोणी नव्हते. आजोबा तोवर घरी गेले होते.

गावाने जपलेली शिस्त आणि बाहेरून आलेली गर्दी यांच्यामधे आज उभे राहणारे कोणी नाही, दुखणे तिथे आहे. फलकाने ते भागत नाही. ‘साबण लावू नये’ अशी पाटी जवळजवळ प्रत्येक कुंडावर आहे, आणि पाटीला टॉवेल अडकवून माणसे साबण लावतात.

स्वच्छता म्हणजे केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. केरळमधल्या ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’च्या बातम्यांनी सगळे हादरले. त्यातला नेग्लेरिया हा अमिबा कोमट-गरम गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे आत शिरतो. रोग अतिशय दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा प्राणच घेतो. इंग्लंडमधल्या बाथ शहरात, जिथे रोमन काळापासून लोक गरम झऱ्यात नाहत आले होते, १९७८ मध्ये एक मुलगी याच अमिबाने दगावली. तिथले जुने स्नान तेव्हा बंद झाले. २००६ मध्ये नवे स्नानगृह उघडले ते नवीन बोअरमधून आणलेल्या पाण्यावर. आपल्या झऱ्यांत हा अमिबा आहे असे मी म्हणत नाही. पाणी वाहते ठेवणे, डोके न बुडवणे, नाकात पाणी जाऊ न देणे आणि ठरावीक काळाने पाणी तपासून अहवाल लावणे, एवढे तर करता येते. वाहते कुंड आणि साचलेले कुंड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि काँक्रीटने आपण पहिल्याचे दुसरे करतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. साठ अंशांच्या पाण्याने पाचएक सेकंदांत कातडी भाजते; सत्तरच्या पाण्याला तेवढाही वेळ लागत नाही. अंगाला सोसणारे पाणी चाळीस-बेचाळीसचे. मूळ उगमाचे कुंड आणि आंघोळीचे कुंड वेगळे ठेवण्याची जुनी पद्धत यासाठीच आहे. पण आज किती कुंडांवर साधा तापमापक आहे? बीपी, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी कढत पाण्यात बसू नये, दारू पिऊन तर कोणीच उतरू नये, हे सांगायला कोण असते? शेवटची सूचना तर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना लाउडस्पीकरवरूनच द्यायला हवी.

औषधी गुणांबद्दलही थोडे तारतम्य हवे. गरम पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, दुखणे हलके होते, यात काही वाद नाही. आजोबांच्या गुडघ्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही. पण ‘गंधकाच्या पाण्याने सगळे त्वचारोग बरे होतात’ हे छापील वाक्य जरा जपून वापरावे. कोकणातल्या बऱ्याच झऱ्यांत गंधकापेक्षा मिठाच्या जातीचे क्षारच अधिक असतात. चव घेतली तरी कळते. आणि खरज-नायटा घेऊन आलेला माणूस आणि तीन वर्षांचे पोर एकाच साचलेल्या हौदात बसवून आपण कोणाचे आरोग्य राखतो?

बायकांची गोष्ट तर निराळीच. पुरुषांचे कुंड उघडे, हवेशीर, डोंगर दिसेल असे. बायकांचे म्हणजे चार भिंतींची अंधारी खोली, शेवाळलेल्या पायऱ्या, आणि पुष्कळदा पुरुषांच्या कुंडातून वाहून आलेले पाणी. कपडे बदलायला आडोसा नाही म्हणून कित्येक बायका काठावर पिशव्या राखत बसतात. सुशोभीकरणाच्या कामांत आधी काय व्हायला हवे, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन: उगमाचे पहिले पाणी एक दिवसाआड बायकांच्या कुंडाकडे वळवा, आणि दाराला आतून लागणारी कडी बसवा. कडीला फार खर्च येत नाही.

आता पैशांकडे येऊ. गरम झऱ्यांचा खरा संसार ज्यांनी मांडला त्या जपानकडे पाहावे. तिथे १९४८ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. झरा खणायला परवानगी लागते, पाण्यात काय काय आहे त्याचे पृथक्करण करून ते स्नानगृहात सर्वांना दिसेल असे लावावे लागते, आणि आता दर दहा वर्षांनी ते नव्याने करावे लागते. स्नानाला येणाऱ्याकडून स्थानिक पालिका कर घेते. बहुतेक ठिकाणी तो माणशी दीडशे येन असतो, आणि उगमाचे रक्षण, स्वच्छता, अग्निशमन, पर्यटन अशा कामांसाठीच तो वापरायचा असतो. आधी अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच कुंडात उतरायचे, हे तर तिथल्या लहान पोरालाही कळते. जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, असे आपण म्हणून मोकळे होतो. पण आपले आजोबाही पोराला तेच सांगत होते की.

आपल्या कायद्यातही वाट आहे. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमात यात्रा कराची तरतूद आहे, आणि किनाऱ्यावरच्या कित्येक ग्रामपंचायती गाड्यांकडून स्वच्छता कर घेतातही. समजा, माणशी तीस रुपये घेतले आणि महिन्याला हजार माणसे आली, तर तीस हजार होतात. गावातल्या दोन माणसांचा पगार त्यातून सुटू शकतो, आणि जवळच्या कुंडांवर महिन्याला हजार हा आकडा हिवाळ्यात अगदीच माफक आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळलेले चौपदरीकरण एकदाचे संपले, की आरवली-तुरळसारख्या रस्त्यालगतच्या कुंडांवर गाड्यांचा लोंढा येणार. मग व्यवस्था लावायला बसण्यापेक्षा आत्ताच लावलेली बरी.

अडचण ठाऊक आहे. आपल्याकडे पावती फाडणारा असतो, झाडणारा नसतो. कर सुरू होतो, ठेका दिला जातो, ठेकेदार टेबल टाकून बसतो, आणि कुंड आहे तसेच राहते. म्हणून ठेका मुळीच नको. जो पैसे घेतो त्यानेच पायऱ्या घासायच्या. दोन्ही कामे एकाच माणसाकडे असली की पैसे देणारा त्याला जाब विचारू शकतो. आणि भिंतीवर दर महिन्याला खडूने तीन ओळी लिहायच्या: किती जमले, कशाला गेले, पाण्याचे तापमान किती. एवढ्या तीन ओळींनी जे होईल ते लेखापरीक्षणाने होणार नाही.

राहिला देवाचा प्रश्न. बहुतेक कुंडांशेजारी देऊळ आहे, कुठे दर्गा आहे. वज्रेश्वरीचे देऊळ वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसाने उभे राहिले असे मानतात. गणेशपुरीत भीमेश्वराच्या शेजारी कुंडे आहेत आणि नित्यानंद स्वामींच्या वास्तव्यामुळे तिथे देशापरदेशांतून माणसे येतात. तीर्थावर तिकीट लावणे या लोकांना पटणार नाही, आणि त्यांचे म्हणणे मला उडवून लावावेसे वाटत नाही. यात भावनेपेक्षा मोठी गोष्ट आहे. सव हे झऱ्यांचे गाव ज्या महाडजवळ आहे, त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाण्याच्या काठावर कोणी उभे राहायचे आणि कोणी नाही, हे ठरवणारा माणूस बसवण्याचा आपला इतिहास चांगला नाही. आज तो जातीच्या नावाने बसणार नाही. पण तिकीट, ‘फॅमिली ओन्ली’, ‘रिसॉर्टचे पाहुणे फक्त’ अशा सोज्वळ पाट्यांमागे बसू शकतो.

म्हणून माझी अट अशी, की गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या कोणालाही, कुठल्याही वस्तीतल्या, कधीही पैसे नकोत. सकाळी आठपर्यंतचे पाणी त्यांचेच. पायी आलेल्या यात्रेकरूलाही पैसे नकोत. वाहन लावणाऱ्याकडून घ्या. दोनशे किलोमीटरचे पेट्रोल जाळून आलेल्याला माणशी तीस रुपये जड नाहीत. कुंडाची मालकी देवस्थानाकडे असो की पंचायतीकडे, ती खासगी हातांत भाडेपट्ट्याने जाता कामा नये. देवस्थानाला पैशांत वाटा हवा असेल तर द्यावा, पण झाडूच्या कामातही तेवढाच वाटा घ्यायला लावावा.

‘हे सगळे करण्यापेक्षा कुंडे पर्यटनापासून लांबच ठेवा’ असेही काही निसर्गप्रेमी मित्र म्हणतात. हे मला पटत नाही. ती गावाबाहेरच्या माणसाला बंद केली तर गावालाही त्यातून काही मिळणार नाही, आणि ज्यातून काही मिळत नाही ते राखायला कोणी पुढे येत नाही. कोकणातून पोरे मुंबईला जातात ती चार-पाच हजारांच्या फरकासाठी. कुंडावरची दोन कामे दोन घरे गावात ठेवतील. चहाची टपरी, घरगुती जेवण, नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी विकणाऱ्या बायका यांचे वेगळेच.

ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. पाऊस ओसरल्यावर, हिवाळ्याची गर्दी सुरू व्हायच्या आधी, २ ऑक्टोबरची सभा या विषयाला सोयीची. ठरावात एवढेच लिहावे: तळाला काँक्रीट नाही, पाचशे मीटरमध्ये नवे बोअर नाही, दोन माणसे नेमणे, वाहनांकडून स्नान शुल्क, बायकांच्या कुंडाला कडी. कमानीचा निधी आलाच असेल तर पंचायतीने तो परत पाठवू नये. त्यातून कुंडाच्या वाटेला दोन चांगले संडास बांधून घ्यावेत, आणि नावे हवी तर त्यांच्यावर लिहू द्यावीत.